रज्जाकभाईंची बंद गाडी

दिग्रसमध्ये गाडी बंद पडली आणि माणूस शहाणा असला, तर तो सरळ रज्जाकभाईंच्या गॅरेजमध्ये यायचा. दीडशहाणा असला तर आधी चार ठिकाणी डोकं आपटून मग तिथंच यायचा. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, ऑइल पिऊन पिऊन काळी पडलेली जमीन आणि मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. त्याला लागून माझं बॅटरीचं दुकान. इतकी वर्षं शेजार केला म्हणून छातीठोक सांगतो, असा हेकेखोर, असा चिकट आणि असा मायाळू माणूस मला दुसरा भेटला नाही. भेटू नये असंही वाटतं. पुन्हा तसलं काही बघायची माझ्यात ताकद नाही.

उंचीने बेताचे, दाढी पांढरी, आणि चष्मा दोऱ्याने गळ्यात बांधलेला. तो डोळ्यांवर क्वचित आणि दाढीवरच जास्त. गिऱ्हाईक उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही. "बसा बापा आधी. तुमी उभे राह्यले की माह्या हाताले घाई होते," म्हणायचे आणि फुटक्या टायरवर पोतं टाकून बसवायचे. इंजिनाला कुणी 'खराब' म्हटलेलं चालत नसे. ते नाराज असायचं. "नाराज हाय थोडंसं. काहून नाराज हाय ते पाहू." मग ऑइलची पट्टी बाहेर काढून नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. एखादा घाईचा माणूस म्हणालाच, "चाचा, काय झालं ते सांगा ना लवकर," तर डोळे न उघडता म्हणत, "तुले सांगू का याले विचारू?"

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं. एका साली भाव नाही, दुसऱ्या साली पाऊस नाही, आणि बोंडअळी आली त्या साली तर उभ्या पऱ्हाटीत बोंड फोडावं आणि आत गुलाबी अळी वळवळावी. तुरीवर आणि सोयाबीनवर लोक कसेबसे तगून होते. अशा दिवसांत नवी गाडी कोण घेतो? आहे तीच जुनी पिकअप ओढायची. रज्जाकभाईंकडे रांग लागायची ती अशा म्हाताऱ्या गाड्यांची, आणि तिथंच त्यांची ती जगावेगळी पद्धत सुरू झाली.

पद्धत अशी, की अंदाजाने कुणाला पुर्जा विकत आणायला लावायचा नाही. पंपाचा संशय आला तर स्वतःच्या पिकअपचा पंप खोलायचा आणि गिऱ्हाइकाच्या गाडीला लावून बघायचा. गाडी सुरू झाली, तरच म्हणायचं, जा बापा, आता पंप घेऊन ये. स्वतःची पांढरी पिकअप दारात कायम उभी. कधी तिचा पंप दुसऱ्याच्या पोटात, कधी सेन्सर. लोक तिला 'लावून पाहायची गाडी' म्हणत.

या पद्धतीचा मलाही चटका बसलेला आहे. माझ्या दुकानातली कोरी बॅटरी उचलायचे, दिवसभर तीन गाड्यांना लावून बघायचे आणि संध्याकाळी परत आणून ठेवायचे. "नाही रे वसंता, बॅटरी नव्हती." मी भडकायचो. "रज्जाकभाई, ही विकायची वस्तू हाय, सरकारी नळ नाही!" ते हसायचे. पुन्हा आठ दिवसांनी तेच. मी भांडायचो आणि द्यायचो. न देऊन जातो कुठं?

एकदा एक लग्नाची जीप दारात बंद पडली. नवरदेव बाशिंग बांधून घामाघूम, करवल्या रडकुंडीला, आणि त्या दिवशी बाजार बंद. रज्जाकभाईंनी आपला पंप काढून लावला. जीप सुरू झाली. आता पंप परत काढावा तर लग्न चुकतं. "जा घेऊन," म्हणाले. मग स्वतःची गाडी कितीतरी दिवस पंपाविना उभी. पंप परत आला तो लाडवांच्या डब्यासोबत. शमीमभाभींनी लाडू खाल्ला आणि मला म्हणाल्या, "पाह्य वसंतभाऊ, माह्या सवतीचे हातपाय उसने देऊन राह्यले हे लोकायले. एक दिवस मले बी देतीन कोनाले लावून पाह्याले!"

शमीमभाभी म्हणजे रज्जाकभाईंच्या बायको. फुलसावंगीच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. बोलणं पक्कं वऱ्हाडी, हसणं मोठं. दोघांना मूलबाळ नव्हतं. पिकअपला त्या सवत म्हणायच्या, पण दर ईदेला तिच्यात पुढच्या सीटवर बसून, पुसदवरून, माहेरी फुलसावंगीला जायच्या. तिथं त्यांची म्हातारी आई होती. म्हातारी ठार बहिरी, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. भेटायचं तर जायचंच. ती दारात बाज टाकून रस्त्याकडे बघत बसायची, आणि पांढरी गाडी वळणावर दिसली की बाजेवरून उठून उभी राहायची.

भाभींना कॅन्सर निघाला तो बोंडअळीच्या साली. यवतमाळ झालं, नागपूर झालं. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या, म्हणजे काय ते रज्जाकभाईंना कळलं, आम्हाला कळलं, आणि भाभींना सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांनी एकच गोष्ट मागितली. "मले एकडाव मायले भेटून येऊ द्या. तिले माह्या बिमारीचं काही सांगू नका. मी जाईन, बसीन, तिच्या हातची भाकर खाईन अन् येईन."

रुग्णवाहिकेला त्यांनी साफ नकार दिला. ती गाडी दारात बघून म्हातारी तिथंच छाती पिटेल. माझ्या मेहुण्याची कार मी देत होतो, पण भाभींना आता सरळ बसवत नव्हतं, आणि कारमध्ये आडवं पडून गेलं तरी म्हातारीला दिसणारच. रज्जाकभाईंनी त्यावर तोड काढली. पिकअपच्या पुढच्या सीटची पाठ त्यांनी कापून मागे कलती केली, वर गादी शिवून घेतली, मानेला उशी आणि कुशीला पट्टा. प्रवासभर भाभींनी कलंडून जायचं आणि गाव आलं की एक खटका ओढून पाठ उभी करायची. म्हातारीला दिसेल ती नेहमीसारखी पुढच्या सीटवर बसून आलेली लेक. त्या सीटवर ते स्वतः कितीदा तरी पडून बघत होते. मला पण पाडलं. "टोचते का कुठं? खरं सांग." शुक्रवारची नमाज झाली की निघायचं, असं ठरलं. भाभींनी जांभळी साडी काढून ठेवली होती.

आणि त्याच्या दोन दिवस आधी बोरी अरबचा संतोष आला.

संतोष पिकअपवर गावचा कापूस दिग्रसच्या जिनिंगला आणायचा. त्याची गाडी रज्जाकभाईंच्या गाडीसारखीच, त्याच बनावटीची. गॅरेजसमोर येऊन ती गप्प झाली. मागे शिगोशीग कापूस, वर आभाळ काळंभोर. अवकाळीचा पाऊस केव्हा कोसळेल सांगता येत नव्हतं. रज्जाकभाईंनी पट्टी हुंगली, पंप तपासला, डिझेल तपासलं. सगळं ठीक. म्हणजे संशय कॉम्प्युटरवर. या गाड्यांच्या डॅशबोर्डखाली चपट्या डब्यासारखं एक कॉम्प्युटर असतं. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, केव्हा द्यायचं, ते तो डबा ठरवतो. तो गेला की चांगलं इंजिनसुद्धा नुसतं लोखंड.

त्यांनी यवतमाळच्या एका वायरिंगवाल्याला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होतो. तो म्हणाला, "चाचा, वायरा तपासल्याशिवाय दुसरं कॉम्प्युटर लावू नका. वायरीत गडबड असली तर ते पण जळंल."

"हो, हो," रज्जाकभाई म्हणाले. त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण वायरा तपासायच्या तर सगळा डॅशबोर्ड उतरवायचा, अर्धा दिवस गेला. तेवढ्यात मोठा गडगडाट झाला. संतोषचं तोंड पांढरं पडलं होतं. तो काही मागत नव्हता, नुसता ताडपत्रीचं टोक धरून उभा होता. पहिल्यांदाच रज्जाकभाईंनी गिऱ्हाइकाला बसवलं नाही.

ते आपल्या पिकअपकडे बघत राहिले. मी म्हणालो, "रज्जाकभाई, शुक्रवार हाय. ऐका माझं, हात लावू नका तिले."

आतून भाभींचा आवाज आला. आवाज बारीक झाला होता, पण कान तिखट. "द्या हो लावून. पोराचा कापूस भिजंल. तासाभऱ्याचं तं काम."

त्यांनी आपलं कॉम्प्युटर काढलं, संतोषच्या गाडीत लावलं, आणि ते कॉम्प्युटर परकी चावी ओळखत नाही म्हणून आपली चावी तिथं धरून सेल्फ मारला. गाडी सुरू झाली! संतोषने हात जोडले. मी 'हुश्श' म्हणेपर्यंत इंजिन आचके देऊन बंद पडलं, आणि एक बारीकसा जळका वास आला. बस, तेवढंच. रज्जाकभाईंनी कॉम्प्युटर काढून पुन्हा आपल्या गाडीत बसवलं. चावी फिरवली. सेल्फ फिरला, इंजिनाने हुं की चूं केलं नाही.

मग संतोषच्या गाडीचा डॅशबोर्ड उतरवला. आत उंदरांचं घर होतं. कापसाची ने-आण करणारी गाडी. पडलेली सरकी फटीफटीतून आत गेलेली, ती खायला उंदीर आलेले, आणि सरकी संपल्यावर त्यांनी वायरांची सालटी काढलेली. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटून होत्या. रज्जाकभाईंनी मूठभर सरकी बाहेर काढली आणि तिच्याकडे पाहत बसले. त्यांनी एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

कापूस ट्रॅक्टरने गेला. संतोष मात्र गेला नाही. मोठा भला पोरगा. "चाचा, आधी तुमची गाडी. माझी पडू द्या मंग," म्हणाला आणि नागपूरच्या भंगार बाजारातून त्याच बनावटीचं जुनं कॉम्प्युटर शोधून घेऊन आला. बसवलं, तर गाडी सुरू होईना. चावीत बारीक चिप असते, आणि परक्या गाडीचं कॉम्प्युटर त्या चावीला ओळख दाखवत नाही. मग दोन्ही डबे घेऊन संतोष पुन्हा नागपूरला. जळलेल्याच्या पोटातली माहिती भंगारातून आणलेल्यात उतरवून देणारा एक कारागीर तिथं होता, पण त्याच्याकडेही रांग.

शुक्रवार गेला. दुसराही गेला. भाभी रोज विचारायच्या, "झाली का?" आणि रज्जाकभाई दारातूनच सांगायचे, "येऊन राह्यलं कॉम्प्युटर. आलं की निंगू." मी मेहुण्याची कार पुन्हा पुढे केली. रज्जाकभाईंनीही बायकोची अक्षरशः विनवणी केली. त्या म्हणाल्या, "परक्या गाडीतून उतरली तं माय विचारल, तुमची गाडी कुठं गेली? अन् मले मायपुढं खोटं बोलता येत नाही, तुमाले माहीत हाय." मग हसून, "अन् माह्यावाली गादी तं सवतीपाशी हाय ना!"

कॉम्प्युटर आलं एका सकाळी. संतोषने डबा रज्जाकभाईंच्या हातात ठेवला. ते लगेच डॅशबोर्डखाली आडवे झाले. मी बॅटऱ्यांत पाणी भरायचं सोडून टॉर्च धरून उभा. प्लगचा 'खट्' आवाज झाला आणि ते म्हणाले, "बसलं." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

त्यांनी झोपल्या झोपल्याच कानाला लावला. फुलसावंगीहून त्यांचा मेहुणा, भाभींचा भाऊ, बोलत होता. मला त्या बाजूचं ऐकू आलं नाही. रज्जाकभाई नुसते "कवा?" म्हणाले. मग "हो." मग फोन छातीवर ठेवला. म्हातारी पहाटे गेली होती, बाजेवरच.

मला वाटलं, आता हा माणूस उठेल. उठले नाहीत. आडव्या आडव्या त्यांचा हात वर गेला, आणि नुकताच बसवलेला प्लग त्यांनी पुन्हा ओढून काढला.

आतून भाभींनी हाक मारली, "काहो, आलं काय कॉम्प्युटर? संतोषचा आवाज आल्यावानी वाटला."

रज्जाकभाई डॅशबोर्डखालूनच म्हणाले, "आलं, पन चुकीचं आलं. मलेच जा लागते नागपूरले."

त्या दिवशी ते बसने फुलसावंगीला गेले, सासूच्या मिट्टीला. बायकोला सांगून गेले की नागपूरला चाललो. परत आले ते दुसऱ्या दिवशी. भाभींनी विचारलं, तर म्हणाले, नागपूरचा माणूस भेटला नाही. माझी बायको भाभींजवळ बसली होती. ती घरी येऊन पदर तोंडात कोंबून रडली.

नंतर कधीतरी त्यांनी प्लग परत लावला. कारागिराला उघडा प्लग बघवत नसावा. पण चावी फिरवली नाही. नागपूरच्या माणसाने काम केलं की नाही, गाडी आता सुरू होईल की नाही, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ज्या माणसाने उभ्या जन्मात पुर्जा लावून चावी फिरवल्याशिवाय हात धुतले नाहीत, तो माणूस दिवसभर त्या गाडीच्या आजूबाजूला वावरत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. एक दिवस बॅटरीच उचलून माझ्या दुकानात घेऊन आले. "ठेव तुह्यापाशी. माह्या हाताचा भरोसा नाही," म्हणाले. मी ठेवून घेतली आणि चार्जिंगला लावत राहिलो.

रोजचं तेच. "झाली का?" "नाही." "काय म्हनते?" "नाराज हाय." बाहेर येऊन ते माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर तसेच. एकदा मी म्हणालो, "सांगून टाका रज्जाकभाई. कळलं पाहिजे तिले." ते म्हणाले, "कळंल ना. दोघी वर भेटतीन तवा कळंल. थोडे दिवस तिची माय जिती राहू दे, वसंता."

आणि मग तो दिवस. संतोषच्या गाडीसाठी दुसरं कॉम्प्युटर मिळालं होतं, नव्या वायरा घातल्या होत्या. काम रज्जाकभाईंनीच केलं. गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि तिकडे सुरू करायची, असं त्यांनी संतोषला बजावलं होतं. पण उतावीळ पोराला राहवलं नाही, त्याने जागेवरच चावी मारली. त्याच बनावटीची गाडी, हुबेहूब तोच आवाज. अंगण भरून गेलं.

रज्जाकभाई धावत आत गेले. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो. भाभी बाजेवर उठून बसल्या होत्या. कशा बसल्या, देव जाणे. आदल्या दिवशी कूस बदलायला दोघं लागत होते. जांभळी साडी मांडीवर घेऊन तिची घडी मोडायचा प्रयत्न चालला होता. तोंडभर हसून म्हणाल्या, "मी म्हनत नव्हती? व्हते म्हनून! चला."

रज्जाकभाई चौकटीला धरून उभे. "शमीम," म्हणाले, "ते संतोषची हाय."

"संतोषची?" त्यांनी साडीवरचा हात काढला नाही. "त्याची झाली?"

"हो."

"अन् आपली नाही?"

भाभींनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, कळलं यांना. इतकी वर्षं या माणसासोबत काढलेली बाई, हिला कळल्याशिवाय राहते का? पण त्या जे बोलल्या ते असं, "या इकडं. बसा. असं तोंड नका करू. नाही जमली तं नाही जमली. साऱ्या दुनियेच्या गाड्या केल्या तुमी, एक नाही झाली तं काय झालं? मी मायले सांगीन, यायनं लय केलं." आणि त्यांचा काळा पडलेला हात हातात घेऊन त्या थोपटत राहिल्या. जन्मभर एकाच गोष्टीचा अभिमान असलेला माणूस, आपल्याला ते आलं नाही म्हणून बायकोकडून समजूत घालून घेत होता, आणि मान डोलावत होता. मी तिथून निघून आलो. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसलो आणि रडलो. लाज वाटत नाही सांगायला.

भाभी त्या आठवड्यातच गेल्या. फुलसावंगीहून भाऊ आला, त्याने बहिणीला खांदा दिला.

लोकांचं येणं-जाणं थांबलं, तेव्हा एका दुपारी रज्जाकभाई माझ्या दुकानात आले. "बॅटरी दे," म्हणाले. मी उचलून घेऊन गेलो, मीच जोडली. त्यांचे हात खिशात होते. ते गाडीत चढले. शेजारची ती कलती सीट, तिच्यावरची गादी तशीच. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, चावी घातली आणि फिरवली.

गाडी एका चावीत सुरू झाली. दुसरा सेल्फ नाही, धूर नाही, थरथर नाही. इतकं साफ इंजिन मी त्या गाडीचं कधी ऐकलं नव्हतं.

पुढे ते दिग्रसमध्ये फार राहिले नाहीत. गॅरेज मोडलं, पुतण्याकडे अकोल्याला गेले, आणि तिथंच वारले असं ऐकलं. पण माझ्यासाठी रज्जाकभाई अजून त्या दुपारीच आहेत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी जागच्या जागी चालू. मी खिडकीशी उभा होतो. ते समोर बघत म्हणाले, "नसती झाली तं बरं झालं असतं रे वसंता."

मी म्हणालो, "काहून?"

"नसती झाली, तं मी तिच्याशी खोटं बोललो नसतो."